न चढलेलं निशाण

विल्यमस्टाउन
३ फेब्रुवारी १९५८

प्रिय क्लेमकाका,

पाच वर्षांत पत्र नाही आणि आता लिहितेय तेही कामासाठी. तेव्हा आधी हव्या तेवढ्या शिव्या घालून घ्या आणि मग पुढं वाचा.

तुमच्या क्रूझर ताफ्याचा इतिहास माझ्या गळ्यात पडलाय. ताफ्यातल्या जुन्या लोकांच्या मंडळाला येत्या सप्टेंबरात 'कूराँग'च्या स्मारकाचं अनावरण करायचंय आणि त्या दिवशी पुस्तकही हवंय. शाळेत इतिहास शिकवणारी, टंकलेखन येणारी आणि वर बुडालेल्या बोटीच्या कॅप्टनचीच मुलगी अशी बाई आयती सापडल्यावर मंडळ तिला सोडतंय होय! तुम्ही बाबांच्या बोटीवर चीफ योमन होतात. एका बोटीवरून दुसरीला निरोप देणारे दिवे आणि निशाणं सगळी तुमच्या हाताखाली. बाबांच्या शेजारून जिवंत परतलेले तुम्ही एकटेच, म्हणून तुम्हाला छळतेय.

ताफ्याची स्थापना, तीन बोटी, एकामागून एक आलेले ॲडमिरल, हे सगळं लिहून झालं. आता शेवटच्या दिवसापाशी अडलेय. ११ सप्टेंबर १९४२ ला दुपारी तीन वाजता ॲडमिरल 'कार्पेन्टेरिया' घेऊन निघून गेले. मागं कोरल समुद्रात दोन बोटी उरल्या: बाबांची 'कूराँग' आणि कॅप्टन डेस्मंड रोर्क यांची 'मॅक्वारी'. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला 'कूराँग'ला टॉर्पेडो लागला. माझा प्रश्न एका ओळीचा आहे. ॲडमिरल गेल्यापासून ते सहा चाळीसपर्यंत ताफा कुणाच्या ताब्यात होता?

उत्तर रोर्कच, हे मला माहीत आहे. सगळं जग तेच म्हणतं. पण पुस्तकात लिहायचं तर कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं हवं. आईला विचारायची सोय नाही. रोर्क हे नाव घरात काढलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते. तो माणूस टास्मानियातल्या आपल्या बागेतून दर एप्रिलला सफरचंदांची पेटी पाठवतो. आई ती उघडतसुद्धा नाही, सरळ दूधवाल्याच्या घोड्याला घालते. घोडा इतका सुटलाय की आता गाडी ओढताना धापा टाकतो.

प्रकरण एप्रिलअखेर छापखान्यात जायचंय. लवकर लिहा.

तुमची
नेरिडा व्हिकरी


आल्बनी
१९ फेब्रुवारी १९५८

प्रिय नेरिडा,

शिव्या घातल्या. शेजारीण खिडकी लावून गेली एवढ्या घातल्या. आता बरं वाटतंय.

इथलं म्हणशील तर गुडघा ठणकतो आणि वारा उलटा फिरला की कारखान्यात व्हेलची चरबी उकळल्याचा वास घरभर होतो. बायको होती तेव्हा नाक मुरडायची. आता मी एकट्यानं काय मुरडणार! टोमॅटो मात्र यंदा असे आलेत की शेजारीपाजारी वाटत सुटलोय. घेवडाही वर चढलाय. दोरीला वेल बांधताना अजून कधीकधी म्हाताऱ्याचं 'उतरव' कानात येतं आणि हात थांबतो. म्हातारा म्हणजे तुझे बाबा. चव्वेचाळीस वर्षांचे होते, पण बोटीवर कॅप्टनला म्हाताराच म्हणतात.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर नौदलाच्या चौकशीत सगळं आलंय. तुझ्या बाबांना ताप होता, त्यांनी संध्याकाळी दिव्यावरून ताफा रोर्कसाहेबांच्या हवाली केला. पहाटे आभाळ उघडलं तेव्हा नागमोडी चालीचा हुकूम रोर्कसाहेबांनी द्यायचा, तो दिला नाही, आणि सरळ रेषेत चाललेल्या बोटीचा नेम पाणबुडीला सोपा गेला. तसंच लिही आणि मोकळी हो. आपली माणसं एकशे सत्त्याऐंशी गेली. ती काही पानं खरवडून परत यायची नाहीत.

मंडळाच्या त्या सेक्रेटरीला सांग, मागच्या मेळाव्यात माझी टोपी नेलीयस ती परत कर.

तुझा
क्लेम ट्रेगियर


विल्यमस्टाउन
४ मार्च १९५८

प्रिय क्लेमकाका,

काय 'उतरव'?

तुमच्या पत्रात त्या एका शब्दापाशी मी अडकले. मग दोन शनिवार दप्तरखान्यात जाऊन धूळ खाल्ली. जे सापडलं ते लिहितेय.

बाबा आणि रोर्क कॉलेजात एकाच तुकडीतले, कॅप्टनही एकाच तारखेला झालेले. यादीत रोर्कचं नाव वर, बाबांचं खाली. म्हणून ॲडमिरल नसले की ताफा रोर्कचा, हे बोटीवरच्या स्वयंपाक्यालाही पाठ होतं. पण जुलै १९४२ चं एक गोपनीय परिपत्रक आहे, फक्त कॅप्टनांसाठी. रोर्कनी त्याआधी बोट खडकावर घातली होती. त्याबद्दल त्यांची एक वर्षाची ज्येष्ठता कापली गेली. म्हणजे त्या दिवशी ज्येष्ठ बाबा होते! परिपत्रक मिळाल्याच्या सहीच्या जागी त्यांची सहीसुद्धा आहे, तीच लांब शेपटीची 'व्ही'.

म्हणून ताफा रोर्कना 'हवाली' केल्याची ती गोष्ट लागते. नाहीतर दोष बाबांवर आला असता. बरोबर ना?

आता तुमची साक्ष. मी ती तीनदा वाचली. वाचायला वेळ लागत नाही. 'कॅप्टन रोर्क म्हणतात तसा निरोप तू दिव्यावरून पाठवलास का?' उत्तर: 'होय.' संपलं. क्लेमकाका, तुम्ही हवामान सांगायला दीड पान घेता. एकशे सत्त्याऐंशी माणसांच्या मरणावर तुम्ही एका शब्दात उठून आलात?

बाबांना खरंच ताप होता का? मला गोड बोलून फसवू नका. मी आता सोळा वर्षांची नाही.

नेरिडा


आल्बनी
१९ मार्च १९५८

नेरिडा,

ताप नव्हता.

हे दोन शब्द लिहून आठ दिवस झाले. कागद टेबलावर तसाच पडून होता. आज बाकीचं लिहितो. मध्येच थांबलो तर पुन्हा व्हायचं नाही, म्हणून शुद्धलेखन बघू नकोस.

ॲडमिरल निघून गेले की उरलेल्यांत जो ज्येष्ठ, त्याच्या बोटीवर एक निशाण चढतं. हिरवं, पांढरं, हिरवं, निमुळतं. ते बघितलं की सगळ्यांना कळतं, आता हुकूम कुणाचा. आमच्याकडे एवढंच असतं. कुणी कुणाला विचारत नाही, विचारणं बरं दिसत नाही.

दुपारी 'कार्पेन्टेरिया' नजरेआड झाली तसं म्हाताऱ्यानं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, 'क्लेम, ज्येष्ठाचं निशाण काढ.' मी चाट पडलो. म्हटलं, 'साहेब, ते तर मॅक्वारीनं चढवायचं.' ते म्हणाले, 'आता आपण. कुणाला बोलू नकोस.' मी निशाण दोरीला अडकवलं. अर्ध्यात ओढलंही असेल. त्यांनी दुर्बिणीतून मॅक्वारीकडे बघितलं. तिच्या डेकवर माणसं उभी होती, सगळी वर मान करून रोर्कसाहेबांचं निशाण कधी चढतं ते बघत होती. आणि म्हातारा म्हणाला, 'उतरव.'

मी म्हटलं, 'साहेब?'

'उतरव रे. साडेसहाशे माणसांसमोर मी डेसचं नाक कापू? त्यांना अजून माहीतसुद्धा नाही. आजचा दिवस त्याचा जाऊ दे. उद्या दुपारी ॲडमिरल येतातच.'

मी उतरवलं. मॅक्वारीवरही काही चढलं नाही. मला वाटलं, रोर्कसाहेब निशाण न लावताच ताफा चालवतायत. म्हाताऱ्यालाही तेच वाटलं.

संध्याकाळी दिव्यावर त्यांच्या गप्पा झाल्या. ती त्यांची कॉलेजापासूनची सवय. दिवा मी चालवत होतो, एकेक शब्द माझ्या हातून गेला. तुझे बाबा: 'दाढ कशी आहे?' रोर्कसाहेब: 'उपटली. डॉक्टर खाटीक आहे.' तुझे बाबा: 'व्हिस्कीनं चूळ भर.' रोर्कसाहेब: 'भरतोय, आणि गिळतोय.' बस. एवढंच. बाई, बोटी दोन, कॅप्टन दोन, बोलायला पाच मिनिटं मिळाली, आणि दोघं दाढेवर बोलले! ताफा कुणाचा, हा शब्द कुणी काढला नाही. दोघंही भल्या घरचे.

रात्री पाऊस आणि काळोख होता, तेव्हा नागमोडी चाल बंदच होती. पहाटे लख्ख उघडलं. ज्येष्ठानं हुकूम द्यायची वेळ झाली. म्हातारा दुर्बीण लावून मॅक्वारीच्या दोरीकडे बघत होता. मला म्हणाले, 'डेस अजून झोपलाय की काय!' मी हसलो. मग घड्याळ बघितलं आणि म्हणाले, 'आणखी पाच मिनिटं देऊ.' त्यातली तीन झाली असतील.

मला मॅक्वारीच्या होडीनं उचललं. दुपारी रोर्कसाहेब माझ्या खाटेपाशी आले. तुझ्या बाबांबद्दल एकच विचारलं, 'ह्यूनं निशाण का चढवलं नाही?' मी जे घडलं ते सांगितलं. ते खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, 'मी पहाटेपासून त्याच्या दोरीकडे बघत उभा होतो, क्लेम. मला वाटलं, मला लाज वाटू नये म्हणून निशाण लावत नाही, पण हुकूम तोच देईल.' मग डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

चौकशीत ते काय बोलणार ते मला सांगितलं नव्हतं, देवाशपथ. मी बाकावर बसलो होतो. ते उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ह्यूला ताप होता, त्यानं दिव्यावरून ताफा मला दिला, चूक माझी. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाठोपाठ माझं नाव पुकारलं. तुझी आई पहिल्या रांगेत काळ्या हॅटमध्ये बसली होती, शेजारी तू, शाळेच्या गणवेशात. मी काय म्हणायला हवं होतं? 'होय' म्हटलं. आणखी बोललो असतो तर खोटं आवाजात कळलं असतं.

सोबतचं पुडकं जपून उघड. म्हाताऱ्यानं 'उतरव' म्हटल्यावर ते निशाण मी पेटीत ठेवलं नाही, अंगरख्याच्या आत खोचलं. वाटलं, साहेबांचं मन बदलेल. समुद्रातून ते माझ्याबरोबरच वर आलं.

क्लेम


विल्यमस्टाउन
२७ मार्च १९५८

क्लेमकाका,

पुडकं मिळालं. पत्र वाचलं आणि पायरीवरच बसले. किती वेळ, ठाऊक नाही. मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

मला तुमचा राग आलाय. खोटं लिहिणार नाही, खूप राग आलाय. तुम्ही दोघांनी मिळून मला एक बाप दिलात, आणि मी सोळा वर्षं त्याच्या फोटोला फुलं वाहिली. दुसऱ्या एका माणसाला मी नऊ वर्षांपूर्वी, मेलबर्नच्या रस्त्यात, लोकांदेखत 'खुनी' म्हटलंय. हे तुम्हाला माहीत नव्हतं. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, 'तुझा आवाज ह्यूसारखा आहे.' मला वाटलं, काय निर्लज्ज आहे!

सगळ्यात वाईट म्हणजे बाबांचा रागही धड येत नाही. मित्राची लाज राखायला गेले आणि एकशे सत्त्याऐंशी! कुठल्या तराजूत घालू हे?

आईला सांगू की नको? ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. रोर्कच्या द्वेषावर ती उभी आहे, तोच काढून घेतला तर कोसळेल. आणि नाही सांगितलं तर ते खोटं माझ्या हातानं छापलं जाणार. निशाण मी कपाटात चादरींखाली ठेवलंय.

सध्या लिहू नका. मी लिहीन.

नेरिडा


सिग्नेट, टास्मानिया
२१ एप्रिल १९५८

प्रिय क्लेमकाका,

पत्ता बघून दचकलात ना? मीही अजून दचकलेलीच आहे. सगळं क्रमानं सांगते.

गेल्या मंगळवारी सफरचंदांची पेटी आली. मी शाळेतून परतले तर पेटी ओट्यावर, घोडा केव्हाच निघून गेलेला, आणि आई जेवणाच्या टेबलाशी बसलेली. तिच्यासमोर ते निशाण घडी घालून ठेवलेलं होतं. चादरी बदलायला तिनं कपाट उघडलं होतं. मी काहीतरी बडबडायला लागले, मंडळाकडून आलंय, प्रदर्शनासाठी आहे वगैरे.

आई म्हणाली, 'नेरिडा, थापा मारू नकोस. हे काय आहे ते मला माहीत आहे. ह्यूनं ते चढवलं नाही.'

मी म्हटलं, 'तुला कुणी सांगितलं?'

'ह्यूनंच.'

ती उठली, शिवणाच्या डब्यातून एक पत्र काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. बाबांचं शेवटचं. ११ सप्टेंबरला दुपारी लिहिलेलं, 'कार्पेन्टेरिया'ची होडी शेवटचं टपाल न्यायला आली तिच्याबरोबर आलेलं. त्यात बाग कशी आहे, माझी गणिताची शिकवणी लावलीस का, आणि मग ही ओळ: 'ॲडमिरल निघतायत. आता मी डेसच्या वर, पण त्याच्या माणसांसमोर निशाण चढवायला माझा हात धजायचा नाही असं दिसतंय. तोच संभाळेल एक दिवस.'

क्लेमकाका, ते पत्र तिला चौकशीच्या आधी पाच दिवस मिळालं होतं! तुमच्या त्या पहिल्या रांगेत, काळ्या हॅटमध्ये, ती ते पर्समध्ये घेऊन बसली होती. रोर्क उभे राहून खोटं बोलले तेव्हा तिला कळत होतं की हे खोटं आहे. तुम्ही 'होय' म्हणालात तेव्हाही. तुम्ही दोघं तिला वाचवत होतात आणि ती तुम्हाला बघत होती.

मी ओरडलेच, 'मग तू त्यांचा एवढा द्वेष का केलास?'

'द्वेष?' ती म्हणाली. 'मी गप्प बसले, पोरी. त्या माणसाला माझ्या नवऱ्याच्या जागी उभं राहू दिलं आणि पर्स मिटून घेतली. त्याची सफरचंदं कुठल्या तोंडानं खाऊ?'

सोळा वर्षं मी तिचं ते स्वयंपाकघरात उठून जाणं द्वेष समजत होते. इतिहास शिकवते मी!

शुक्रवारी आम्ही विमानानं होबार्टला आलो आणि काल बसनं इथं. रोर्क शिडीवर होते, गळ्यात पिशवी अडकवून शेवटचा तोडा काढत होते. आईला बघितलं आणि शिडीवरच थांबले. खाली उतरायचं सुचेना. आईच झाडाखाली गेली आणि वर मान करून म्हणाली, 'डेस, खाली ये. मान दुखते माझी.'

आत गेलो. बायको नाही, एकटेच राहतात. चहा त्यांनीच केला, कप धुतलेले नव्हते. आईनं निशाण टेबलावर ठेवलं, वर बाबांचं पत्र ठेवलं. त्यांनी चष्मा शोधला, वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'बाई, तू पुस्तक लिहितेयस असं ऐकलंय. हे त्यात घालू नकोस. ह्यू मेलाय, त्याला उत्तर देता यायचं नाही. मला यायचं.'

मी त्या रस्त्यातल्या शब्दाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. 'सोळा वर्षं तो ताफा माझ्या ताब्यात आहे,' ते म्हणाले, 'सवय झालीय. आता या वयात काढून नका घेऊ.'

ते थट्टेत म्हणाले, पण बाबांचं पत्र पुन्हा हातात घेतलं.

आई म्हणाली, 'तो तुझा नव्हताच, डेस. तो ह्यूचा होता. त्याच्या माणसांसकट, त्याच्या चुकीसकट. माझा नवरा आहे तो. मला तो सगळा परत दे.'

मग ते उठले, निशाणाची घडी दोन्ही हातांनी उचलली आणि आईच्या मांडीवर ठेवली. आणि बसून लहान मुलासारखे रडले. आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर बागेत गेले. तिथं मीही रडले, मग राग येऊन एका पेटीला लाथ मारली, अंगठा सुजलाय.

आज सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून प्रकरण पुरं केलं. ओळ अशी आहे: '११ सप्टेंबर १९४२ रोजी दुपारी तीनपासून ताफा कॅप्टन ह्यू व्हिकरी यांच्या ताब्यात होता. नागमोडी चालीचा हुकूम त्यांनी दिला नाही.' खाली दाढेच्या गप्पा आणि तुमचं 'उतरव' येतंय. तुमची साक्षही येतेय, खोटी म्हणूनच. मंडळ आरडाओरडा करेल, तो मी बघून घेते. मात्र तुमच्या नावासाठी तुमची परवानगी हवी. नाही म्हणालात तरी मी समजेन, पण म्हणू नका.

अनावरणाला रोर्क येणार आहेत. आईनं त्यांना आपल्या शेजारी, पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलंय. तुमची जागा दुसऱ्या बाजूला. टोपी मी सेक्रेटरीकडून वसूल केलीय.

आई समोर ओसरीवर बसलीय. पिशवीतलं एक सफरचंद पुसून खातेय, सालासकट. आंबट आहे म्हणते, पण थांबत नाही.

तुमची
नेरिडा


आल्बनी
३० एप्रिल १९५८

प्रिय नेरिडा,

नाव घाल. पूर्ण घाल, क्लेमेंट.

आणि त्या खोट्या 'होय'खाली जागा उरली तर एवढं लिही, की दोरी माझ्या हातात होती. मी निशाण आधीच अर्ध्यापर्यंत नेलं होतं. म्हाताऱ्याचं न ऐकता आणखी दोन हात ओढलं असतं तर ते वर पोचलं असतं.

क्लेम